कुकडीकाठची राख आणि वाळूचे लिलाव

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडीच्या काठात पांढुरक्या राखेचा एक थर आहे. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. शाळेत शिकवत असताना दर हिवाळ्यात मी मुलांना तिथे न्यायचो. सुमात्रातली राख आपल्या नदीत, हे ऐकून त्यांचे डोळे विस्फारायचे. तिच्या वयावर अजून वाद आहे: काही अभ्यासक सुमारे 75 हजार वर्षे म्हणतात, काही कित्येक लाख. याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. म्हणजे इथे माणूस केव्हापासून राहतो, याचे उत्तर त्या वयावर ठरते.

गाळाचे वय काढायची एक रीत वाळूच्याच कणावर चालते. ऊन लागले की कणातले घड्याळ शून्यावर येते. कण गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या सूक्ष्म किरणोत्साराची ऊर्जा त्यात साठत जाते. म्हणून नमुना घेताना काठात लोखंडी नळी ठोकतात, तोंडे बंद करतात आणि प्रयोगशाळेत मंद तांबड्या उजेडात उघडतात. इतकी काळजी एवढ्याचसाठी, की उजेड लागला तर सगळे पुसले जाते.

साहेब, जेसीबीने काठ उकरला की नेमके हेच होते. हजारो वर्षे अंधारात राहिलेला गाळ उन्हात पसरतो. तो परत रचता येत नाही. माझ्या ओळखीचा एक काठ असाच सपाट झालेला मी पाहिला आहे, ते मनातून जात नाही.

शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केले. तिथल्या शेतकऱ्यांनी तीन हजार वर्षांपूर्वी पाट काढला, बांध घातला. पुढे पाऊस कमी होत गेला, वस्ती खालावली आणि शेवटी गाव उठले, असे उत्खननकर्त्यांचे मत. ते पडताळायचे तर नदीच्या गाळालाच विचारावे लागेल. दुष्काळाशी झगडणाऱ्या आपल्या जिल्ह्यांना तो प्रश्न परका नाही.

वाळू आणि मुरूम आपल्या खात्याकडे आहेत. कुकडी, घोड आणि प्रवरेच्या काठांवर लिलाव किंवा सपाटीकरणाची परवानगी देण्याआधी पुरातत्त्व व भूशास्त्राच्या जाणकारांकडून पाहणी करून घ्यावी. अभ्यासासाठी महत्त्वाचे काठ गावनकाशावर नोंदवून लिलावातून वगळावेत. बोरीपासून सुरुवात करावी. पावसाळा संपून नवे लिलाव निघण्याआधी हे व्हावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
जुन्नर तालुक्यातील एक निवृत्त भूगोल शिक्षक