‘शिनचॅन’ चार वर्षांच्या मुलांसाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकातील ‘शिनचॅन’ या जपानी कार्टून मालिकेवरील लेख वाचून स्वस्थ बसवले नाही, म्हणून हे पत्र. आई, बाबा, धाकटी बहीण आणि कुत्रा असे साधे घर असलेली ही कौटुंबिक मालिका तीन-चार वर्षांच्या मुलांनाही दाखवायला हरकत नाही, असा निर्वाळा लेखिकेने दिला आहे. माझे सारे आयुष्य बालवाडीत शिकवण्यात गेले. या निर्वाळ्याशी मी मुळीच सहमत नाही.

मालिकेचा नायक पाच वर्षांचा आहे, म्हणून मालिका पाच वर्षांच्या मुलांची होत नाही. मुळात ही चित्रकथा १९९० मध्ये जपानमधील प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात सुरू झाली आणि १९९२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. आपल्याकडे २००६ मध्ये ती हिंदीत दिसू लागली, २००८ मध्ये सरकारने तिचे प्रक्षेपण थांबवले आणि पुढच्या वर्षी काटछाट करून ती परतली. लेखात यातले एक अक्षरही नाही. काटछाटीने आक्षेपार्ह दृश्ये जातात, पण विनोदाची घडण तीच राहते. आईला तिच्या वजनावरून चिडवणे, मुख्याध्यापकांना गुंडांचा म्होरक्या समजणे, अनोळखी तरुणींशी लाडीगोडी करणे यांतली गंमत अशी की, जे बोलू नये ते एक लहान मूल बिनदिक्कत बोलते. काय बोलू नये हे ज्याला अजून कळायचेच आहे, त्याला ही गंमत कळत नाही. त्याच्या हाती फक्त ते वाक्य लागते.

माझ्या घरचेच सांगते. माझा चार वर्षांचा नातू पीठ पेरून केलेली ढोबळी मिरचीची भाजी आवडीने, मागून घेऊन खात असे. मालिकेतल्या मुलाला ढोबळी मिरचीचा तिटकारा आहे. तो भाग पाहिल्यावर नातवाने ताट सरकवले, त्या मुलासारखेच तोंड वाकडे केले आणि आईला नावाने हाक मारून ती भाजी उचलून न्यायला सांगितले. शेजारी बसलेली त्याची नऊ वर्षांची आतेबहीण तोच भाग पाहून खदखदून हसली होती, आणि तिने भाजी निमूट संपवली. मुलगा कसा वागतो आणि त्याची आई का वैतागते, हे दोन्ही तिला एकदम दिसत होते. नातवाला फक्त मुलगा दिसत होता. सून त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. तो आजही ढोबळी मिरचीला हात लावत नाही.

कोणताही कार्यक्रम बालवाडीच्या वयाला योग्य आहे की नाही, हे त्यात काय नाही यावरून ठरवणे पुरेसे नाही. त्या वयाच्या मुलाला त्यातले काय समजते, हे पाहावे लागते. सरकारी वर्गीकरणाचाही येथे उपयोग होत नाही. ओटीटीसाठीच्या २०२१ च्या नियमांत सर्वांसाठीच्या ‘यू’नंतर थेट सात वर्षांवरील गट येतो, म्हणजे तीन वर्षांचे मूल आणि त्याचे आजोबा एकाच गटात बसतात. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, अशी मर्यादा सुचवली आहे. त्या तासात काय दाखवावे, हे सांगणारा मजकूर पालकांना हवा आहे.

असा मजकूर पूर्वी आपल्याच रविवार पुरवणीतील मुलांच्या पानावर येत असे. ते पान आता अर्धे झाले असून उरलेल्या अर्ध्यात शिकवणी वर्गांच्या जाहिराती असतात, हेही या निमित्ताने खेदाने नमूद करते.

लेखिकेने किमान एक भाग चार वर्षांच्या मुलाच्या शेजारी बसून, पडद्याऐवजी त्याच्याकडे बघत पाहावा आणि मग आपले मत याच स्तंभात पुन्हा मांडावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सांगली