सोमवारपासून डावांची नावं बदलतील

मंडळी, धरमपेठच्या क्लासमध्ये जुजुत्सूच्या (कुस्तीसारख्या जपानी युद्धकलेच्या) डावांची घाणेरडी नावं बंद. रविवारी सकाळी 7 वाजता सगळ्या बॅचनी मॅटवर यावं. नवा तक्ता तेव्हाच लागेल.

– एका हाताने गळा दाबण्याच्या डावाला बलात्काराचं नाव चिकटलंय. आता ‘एकहाती चोक’.
– ‘जॅप’ ही जपानी लोकांना दिली जाणारी शिवीच. गळा आवळण्याच्या त्या डावाला पूर्ण ‘जॅपनीज नेकटाय’ म्हणा.
– मुलांच्या बॅचमध्ये ‘रिअर नेकेड चोक’ (मागून हाताने गळा आवळण्याचा डाव) ऐवजी ज्युदोतलं ‘हदाका-जिमे’. नावात खोट नाही, पण पोरं खिदळत बसतात आणि कोपर हनुवटीखाली येतच नाही.
– ‘बायकी ग्रिप’ नको. ‘मनगट सैल आहे’ सांगा, म्हणजे सुधारता तरी येईल.

रोलिंग (सरावाची झुंज) चालू असताना कुणाला टोकू नका. लक्ष हटलं की टॅप (हार मानल्याची थाप) उशिरा पडतो. राउंड संपल्यावर सांगा.