पेपरसाठी नाही, चहासाठी वर्गणी पाहिजे

नमस्कार मंडळी,

वर्गणी म्हटलं की गणपती नाहीतर जयंती, आता ही कसली मध्येच असं वाटेल म्हणून आधीच सांगते. आपल्या विज्ञान मंडळातर्फे यंदा कोल्हापूर आणि आसपासच्या कॉलेजांतल्या पाच जणींना कॉन्फरन्सला पाठवायचंय. तिघी पीएचडी करतायत, दोघी सीएचबीवर शिकवतात, म्हणजे तास बुडाला की पैसेही बुडाले.

आता कॉन्फरन्सला जाऊन करतात काय, असं मागच्या वेळी एका काकांनी विचारलंच. खरं सांगू? संशोधनाचा पेपर दहा मिनिटांत वाचून होतो, ऐकणारे निम्मे मोबाईलमध्ये असतात. खरं काम होतं ते चहाच्या टेबलापाशी. गेल्या वर्षी आपली एक मुलगी गुळावरच्या बुरशीचं पोस्टर घेऊन गेली होती, राजारामपुरीत जिथं भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापतात तिथंच छापलेलं, रात्रभर ट्रेनमध्ये नळी मांडीवर धरून बसली की कुणी पाय देऊ नये. तिथं चहा घेताना एका मॅडमनी विचारलं, सॅम्पल तपासायचं मशीन नाही का तुमच्याकडं? मग सॅम्पल पाठव, आम्ही लावतो. आठ महिने अडलेलं काम पंधरा दिवसांत झालं आणि आता त्या दोघी मिळून पेपर लिहितायत. मुलांच्या अशा ओळखी सरांबरोबर कॅन्टीनला, हॉस्टेलवर, बाईकवर बसून होतात, पोरी मात्र सहाच्या एसटीला पळतात.

बायोकेमिस्ट कमला सोहोनींची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १९३३ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएससीत, तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेशच नाकारला, मग एक वर्ष अटीवर घेतलं. पुढं १९३९ ला त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली ते वेगळं. पण त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले, घरातच रसायनशास्त्र होतं, तरी दार उघडायला एवढं झगडावं लागलं. आपल्या पोरींच्या घरात तर लॅब कुणी बघितलेलीच नाही.

जगभरात आजही संशोधकांत बायका साधारण एक तृतीयांशच. फिजिक्समधल्या बायकांची आंतरराष्ट्रीय परिषद २००२ ला पॅरिसमध्ये सुरू झाली, २०२३ ची आपल्या देशानं भरवली पण ती ऑनलाइन, आता ऑनलाइनमध्ये चहा कुठला! वाशीची इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन १९७३ पासून आहे, त्यांनी होस्टेल आणि पाळणाघरही काढलं, कारण अडतं कुठं हे त्यांना माहीत होतं.

आमचंही तिथंच अडतंय. रजिस्ट्रेशनची फी कधी कधी कुठून तरी मिळते. पण पाच जणींतल्या एकीचं बाळ सात महिन्यांचं आहे, सासूबाई सोबत यायला तयार आहेत, त्यांचं तिकीट मात्र कुठल्याच ग्रँटमध्ये बसत नाही. म्हणून या वर्गणीतून आधी तो खर्च, मग प्रवास आणि राहणं, आणि सीएचबीवाल्या दोघींचे बुडलेले तास. सगळं धरून साधारण ९०,००० लागतील, ३१,००० जमलेत.

जाऊन आलेलीनं दोन गोष्टी करायच्या असं ठरलंय. पुढच्या बॅचची तयारी तिनं करून घ्यायची, आणि आपल्या विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात एका सेशनला अध्यक्ष म्हणून बसायचं. मागं बसून वह्या वाटायच्या नाहीत! माईक हातात घेऊन सरांना "वेळ संपली" म्हणायची सवय इथंच लागू दे.

शंभर द्या, पाचशे द्या, शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत पावती मिळेल. ८०जीची करसवलत अजून नाही, अर्ज केलाय. पैसे नसतील तर बंगळूर किंवा हैदराबादला कुणाचं घर असेल तर चार रात्री राहायची सोय सांगा, तेही चालेल. फ्लेक्सवाल्या दादांनी दोन पोस्टर फुकट द्यायचं कबूल केलंय, फक्त खाली दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात पाहिजे म्हणतात, त्यावर बोलणी चालू आहेत.