जुन्या कॅमेऱ्याच्या लिव्हरवर जोर नको

संपादक महोदय,

जुने ३५ मिमी फिल्म कॅमेरे पुन्हा वापरात येत आहेत, पण रोल सरकत नाही म्हणून जोर लावून त्यातले चांगले कॅमेरे मोडले जातात, याचे फार वाईट वाटते.

फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर अर्ध्यात अडला की आधी फ्रेमचा आकडा पाहावा. तो ३६ च्या आसपास असेल (छोट्या रोलला २४), तर रोल संपलेला असतो. तिथे ताकद लावली की फिल्मच्या कडेची भोके फाटतात, नाहीतर फिल्म डबीतून उपटून येते. मग झाकण पूर्ण अंधारातच उघडावे लागते. आकडा कमी असेल तर बॅटरी बदलून पाहा. इलेक्ट्रॉनिक शटरच्या काही कॅमेऱ्यांत बॅटरी संपली की आरसा वरच अडकतो आणि लिव्हर जाम होतो.

लिव्हर सहज फिरतो, पण रोल कोराच निघतो, हे जास्त जिव्हारी लागते. रोल भरल्यावर डावीकडचा रिवाइंड नॉब (फिल्म परत डबीत गुंडाळण्याचा) बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढावी. पुढे प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना तो नॉब उलटा फिरलाच पाहिजे. फिरला नाही, तर फिल्मचे टोक स्पूलच्या (फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळाच्या) खाचेतून निसटले आहे.

फोटो एकमेकांवर चढत असतील तर तळाचे रिवाइंड बटण आत रुतले आहे का ते तपासा. तेल मात्र सोडू नका. ते पाझरून शटरच्या पात्यांवर जाते आणि पाती चिकटतात.

– एक वाचक