बायवीकली म्हणजे नक्की किती वेळा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका समितीची बातमी होती, तिची बैठक "बायमंथली" होणार असं त्यात छापलं होतं. मी दोनदा वाचलं तरी कळेना की महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा. चूक एकट्या तुमच्या बातमीदाराची नाही हे मला माहितीय, मुळात तो इंग्रजी शब्दच तसा आहे, पण या शब्दाने आमच्या घरात नुकसान केलंय म्हणून लिहायला बसलो.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर फिजिओथेरपीपुढे "बायवीकली, ६ आठवडे" एवढंच टाईप केलेलं होतं. घरात सगळे शिकलेले. बाय म्हणजे दोन, वीक म्हणजे आठवडा, म्हणजे दोन आठवड्यांनी एकदा, असं धरून आम्ही तिला नेत राहिलो. तिसऱ्या वेळी तिथल्या मॅडमनी विचारलं की मधली सेशन्स का बुडवली, तेव्हा कळलं की आठवड्यातून दोनदा यायचं होतं. १२ सेशन्स व्हायला हवी होती, झाली ३. आखडलेला गुडघा सोडवताना आईला पुढे जे सोसावं लागलं ते बघवत नव्हतं.

नंतर डिक्शनरी उघडली तर मेरियम-वेबस्टरने बायवीकलीचे दोन्ही अर्थ दिलेत, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. म्हणजे आम्हीही बरोबर आणि कागद लिहिणाराही बरोबर! बायमंथलीचंही तेच. आणि फरक थोडाथोडका नाहीये. आठवड्यातून दोनदा म्हटलं तर वर्षाला १०४ वेळा, दोन आठवड्यांनी म्हटलं तर २६. महिन्यातून दोनदा म्हणजे २४, दोन महिन्यांनी म्हणजे ६. दर वेळी बरोब्बर चौपट. "दोनदा" आणि "दोनातून एकदा" यांच्यात चौपटीचंच अंतर असतं, त्यामुळे ही चूक कधीच किरकोळ नसते.

वर्षाच्या बाबतीत इंग्रजीने निदान दोन वेगळे शब्द केलेत, बायॅन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा आणि बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. व्हेनिसचं १८९५ साली सुरू झालेलं कलाप्रदर्शन बिएनाले म्हणून ओळखलं जातं ते या दुसऱ्या अर्थाने, दर दोन वर्षांनी भरतं म्हणून. पण हे दोन शब्द ऐकायला इतके सारखे की फोनवर कुणी सांगितलं तर फरक कळणं अवघडच, आणि काही जण बायॅन्युअलसुद्धा दोन वर्षांनी या अर्थाने वापरतात.

गंमत अशी की ज्याच्या त्याच्या धंद्यात अर्थ अगदी पक्का असतो. अमेरिकेतल्या पगाराच्या हिशोबात बायवीकली म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षाला साधारण २६ पगार, आणि महिन्यातून दोनदा असेल तर त्याला सेमीमंथली म्हणतात, ते २४. सेमी म्हणजे अर्धं, तिथे गोंधळ नाही. मासिकवाल्यांचं बायमंथली बहुतेक वेळा दोन महिन्यांनी निघतं. आपल्याकडे रेल्वेची बायवीकली गाडी मात्र आठवड्यातून दोन दिवस धावते. त्या त्या लोकांना कधी अडचण येतच नाही, अडतो तो बाहेरचा माणूस, जसे आम्ही अडलो.

ब्रिटिश लोकांचा फोर्टनाइट हा शब्द चांगला आहे, चौदा रात्रींवरून आलेला, अर्थ एकच. पण अमेरिकेत तो फारसा कुणी वापरत नाही.

औषधांच्या बाबतीत तर हे जिवावर बेतू शकतं. रोज एकदा यासाठी डॉक्टर क्यूडी लिहायचे आणि दिवसाआड यासाठी क्यूओडी, घाईच्या अक्षरात एकाचं दुसरं वाचलं जायचं. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये न वापरायच्या संक्षेपांची यादी काढली त्यात हे दोन्ही आहेत, त्याऐवजी पूर्ण शब्दांत लिहा असं सांगितलंय. मग बायवीकलीला तरी का सूट?

आता तुमच्याकडे मागणं. मराठीत आपल्याकडे नेमके शब्द आहेत हो. पाक्षिक, द्वैमासिक, सहामाही, दिवसाआड, यातल्या कशाचेच दोन अर्थ होत नाहीत. द्वैमासिक म्हटलं की दोन महिन्यांनी, विषय संपला. पण भाषांतर करताना बायमंथली दिसलं की डोळे झाकून द्वैमासिक लिहिलं तर मूळ माणसाला महिन्यातून दोनदा म्हणायचं असेल तेव्हा बातमीच चुकते, आणि द्विसाप्ताहिक हा शब्द तर रेल्वेच्या बातम्यांमधून आठवड्यातून दोनदा या अर्थाने रुळलाय, म्हणजे द्वि आणि द्वै यांच्यात आपणही तोच घोळ आणतोय. म्हणून बातमीदारांनी आधी फोन करून विचारावं की वर्षातून किती वेळा, आणि मग सरळ "दर दोन महिन्यांनी" किंवा "महिन्यातून दोनदा" असं छापावं. दोन शब्द जास्त जातील, जाऊ देत.

आणि त्या समितीची बैठक नक्की कधी असते तेवढं एकदा छापा, मला खरंच अजून कळलेलं नाही.

आपला,
एक नियमित वाचक