ब्रेक म्हणजे काय हे समजावणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

सोलापूर

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्यातील जुन्या सिस्को राउटरचा पासवर्ड आधीचा कंत्राटदार कोणालाच न सांगता निघून गेला होता. आपण निवृत्तीनंतरही केवळ शेजारधर्म म्हणून आलात, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

विसरलेला पासवर्ड बदलायचा तर राउटर चालू झाल्यापासून पहिल्या ६० सेकंदांत त्याला लॅपटॉपवरून ‘ब्रेक’ नावाचा थांबण्याचा इशारा पाठवावा लागतो, एवढेच मी वाचले होते. लॅपटॉपवर ब्रेकची कळच नसल्याने मी दोन दिवस कंट्रोल-सी दाबत बसलो. कंट्रोल-सी हे एक अक्षर आहे, ब्रेक हे अक्षरच नव्हे, हे आपण सांगितले तेव्हा कुठे माझी चूक उमगली. ताण्याचा धागा तुटला की त्यावर टांगलेली पत्ती खाली पडून माग थांबतो, तेथे कोणी निरोप लिहून पाठवत नाही. तसेच एका अक्षराला लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक काळ लॅपटॉप व राउटरमधली लाइन शून्यावर धरली की राउटर थांबतो, हे आपले उदाहरण कारखान्यातल्या माणसाला चटकन पटणारे होते.

लॅपटॉपवरून राउटरशी बोलण्याच्या टेरा टर्म या प्रोग्राममध्ये ब्रेकसाठीचे ऑल्ट-बी दाबूनही काही होईना, कारण आमचा स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर ब्रेक पुढे जाऊ देत नव्हता. तेव्हा आपण लॅपटॉपचा वेग सेकंदाला ९६०० बिट्सवरून १२०० वर आणलात, राउटर बंद करून पुन्हा चालू केलात आणि मला पंधरा सेकंद स्पेसबार दाबत राहायला सांगितलेत. १२०० च्या वेगाने स्पेस पाठवताना लाइन सुमारे ५ मिलिसेकंद शून्यावर राहते, तर ९६०० ने ऐकणाऱ्या राउटरचे अख्खे अक्षर जेमतेम १ मिलिसेकंदाचे असते, म्हणून त्याला तो ब्रेकच वाटतो. वेग पूर्ववत करताच रॉममॉन, म्हणजे राउटरचा दुरुस्तीसाठीचा मूळ प्रोग्राम, समोर उभा राहिला! पुढे राउटरने जुने कॉन्फिगरेशन (साठवलेल्या सेटिंग्ज) न वाचता सुरू व्हावे म्हणून रजिस्टर २१४२ करणे, जुने कॉन्फिगरेशन परत आणून नवा पासवर्ड देणे, आणि रजिस्टर पुन्हा २१०२ करणे ही कामे अर्ध्या तासात झाली. बंद राहिलेले इंटरफेस (राउटरच्या जोडण्या) ‘नो शटडाउन’ या आज्ञेने उघडण्याची आठवण आपण करून दिली नसती, तर मी आणखी एक रात्र जागलो असतो.

ब्रेक पाठवायला टेरा टर्मसारख्याच पुट्टी या प्रोग्रामसाठी कंट्रोल-ब्रेक, मिनिकॉमसाठी कंट्रोल-ए व मग एफ, असा आपण लिहून दिलेला कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवला आहे. राउटरला लॅपटॉप जोडण्याची आपली निळी कन्सोल केबल मात्र आमच्याकडेच राहिली. ती रविवारी घरी आणून देतो.

आपला नम्र,
कारखान्यातील संगणक विभागाचा कर्मचारी