आचऱ्याच्या मेस्त्रींना

आदरणीय मेस्त्री,

त्या संध्याकाळी आमची गाडी दुरुस्त झाली तेव्हा तुम्हाला आरतीला जायची घाई होती, म्हणून मी नुसतं 'थँक यू' म्हणून निघाले. आता नीट लिहिते, सगळ्यांना वाचता येईल असं.

जुन्या डिझेल मिनीबसमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून केलेलं आमचं फिरतं घर. सपाटीला मस्त पळायचं. पण देवगडपासून खाली येणारा रस्ता म्हणजे खाडीला उतरायचं आणि पलीकडच्या सड्यावर चढायचं. चढाला मध्येच दम जायचा. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग उतरत जायचा, इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. बाजूला घेऊन बंद केली, चहा होईपर्यंत थांबलं, की पुन्हा ठणठणीत. गॅरेजच्या दारात तर कायम शहाणी!

वाटेत एका ठिकाणी स्कॅनर लावला होता. बिघाडाचा कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमध्ये, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब कमी. फिल्टर बदलला, सेन्सर बदलला, कोड पुसला. पुढच्या मोठ्या चढाला कोड परत हजर. मग निदान झालं की रेलमध्ये दाबाने डिझेल भरणारा हाय प्रेशर पंप गेला. खर्चाचा आकडा ऐकून यांनी घरी परतायची भाषा सुरू केली.

तशात आचऱ्याला तुमच्याकडे आलो. तुम्ही बॉनेटला हातही लावला नाहीत. हे सांगायला लागले तर म्हणालात, "गाडी कोण चालयता? मगे ताईंका सांगांदे." तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं!

"धूर काळो येता काय?" नाही. इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोचा पाइप फाटला असता किंवा एअर फिल्टर चोंदला असता तर चढाला काळा धूर निघाला असता. म्हणजे हवा पुरेशी आहे, डिझेलच कमी पडतंय. गरम असताना स्टार्ट व्हायला कुरकुर करते का? नाही. थांबली की आपोआप सुधारते? हो. त्यावर तुम्ही हसलात, "मेलो पंप च्या पिऊन जितो होतलो काय?"

मग एकेक शंका काढून टाकलीत. दम जाताच डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलंत. फुस्स झालं नाही, म्हणजे टाकीला हवा मिळत होती. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळी जोडलीत; बुडबुडे नाहीत, म्हणजे पाइप कुठून हवा ओढत नव्हता. शेवटी डिझेलचा डबा पायरीपाशी बांधलात, फिल्टरकडे जाणारी नळी त्यात सोडलीत, परतीची नळीही त्यातच, आणि त्याच चढावर मला पाठवलंत. गाडी एका दमात वर गेली. पंप, रेल, इंजेक्टर सगळं तेच, बदललं होतं फक्त डिझेल कुठून येतं ते.

टाकी उतरवली तेव्हा आतल्या नळीच्या जाळीवर काळा चिकट गाळ निघाला. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीनिशी उभी होती. दमट हवेतलं पाणी आत सुटून तळाला बसतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा हा गाळ. चढाला इंजिन जोरात ओढायचं, गाळ जाळीला चिकटायचा. बंद केलं की ओढ संपायची, गाळ सुटून खाली पडायचा. उभ्या गाडीला डिझेल लागतंच किती, म्हणून गॅरेजात काही दिसत नव्हतं. स्कॅनर खोटं बोलला नव्हता हो, दाब खरोखरच कमी होता. फक्त तो का कमी होता, हे त्याच्या पडद्यावर येत नाही.

(आमच्या सुताराने सांडपाण्याचा पाइप नेमका टाकीच्या पट्ट्याखालून नेलाय. तो सोडवताना तुम्ही त्याच्या नावाने जे मालवणीत बोललात, ते इथे लिहीत नाही.)

तुम्ही जेमतेम मजुरी घेतलीत. तेवढ्या वेळात नवा पंप बसवून याच्या कितीतरी पट बिल करता आलं असतं, आणि आम्ही ते दिलंही असतं.

पुढे मालवण, वेंगुर्ला करत सावंतवाडीहून आंबोली घाट चढलो, पिवळा दिवा लागला नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फिल्टर पुन्हा बदलून घेतला. जुन्यात थोडं काळं निघालंच. पंप मात्र तोच आहे.

आपली,
त्या फिरत्या घराची ड्रायव्हर